अडगळीला काटकसर म्हणू नका

मराठी मध्यमवर्गीय घरात एक मत इतकं पक्कं बसलं आहे, की त्यावर वाद घालावा असं कुणाच्या मनातही येत नाही. वस्तू राखून ठेवणारा तो संसारी, जबाबदार, पैशाची किंमत कळणारा. घर मोकळं करू पाहणारा तो उधळ्या, नाही तर कोरड्या मनाचा. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत सून माळ्यावरचं एखादं खोकं खाली काढते, ‘आई, हे देऊन टाकूया का?’ असं विचारते, आणि उत्तर ठरलेलं असतं : ‘असू दे गं, लागेल कधीतरी.’ धूळ पुसून खोकं पुन्हा वर जातं. पुढच्या वर्षी तेच खोकं, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दरम्यान त्याच्या शेजारी आणखी दोन खोकी आलेली असतात.

या उत्तरामागे एक अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं जातं. आधीच्या पिढ्यांनी टंचाई पाहिली, रेशनच्या रांगा पाहिल्या. त्यांनी सुतळीचा तुकडाही टाकला नाही, म्हणून आज घरात चार पैसे आहेत. वस्तू टाकणं हा लक्ष्मीचा अपमान. जुन्या वस्तूंत माणसांच्या आठवणी असतात. त्या टाकणारी पिढी आपली मुळं तोडते. शिवाय जागा आहे, वस्तू काही खायला मागत नाही, मग राहिली तर बिघडलं कुठे? आणि घर रिकामं करण्याचं हे खूळ आलं कुठून? जपानमधून, अमेरिकेतून, नेटफ्लिक्सवरून. ज्यांना हवी ती वस्तू हवी तेव्हा पुन्हा विकत घेता येते, त्या श्रीमंतांचे हे चोचले. करोनाच्या काळात ज्यांच्या घरी साठा होता तेच तरले, हे विसरू नका.

हे सगळं ऐकायला भारदस्त आहे. तपासायला घेतलं तर त्यातलं फारच थोडं टिकतं. एवढंच असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण या मताच्या आडोशाने घरोघरी जे चाललं आहे, ते काटकसरीच्या नेमकं उलट आहे. म्हणून एकेक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

परदेशी खुळाचा आरोप आधी घेऊ. मारी कोंडो या जपानी लेखिकेचं आवराआवरीवरचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर आली. त्यानंतर हा विषय भारतातल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पोहोचला, हे खरं. पण म्हणून विचारही तेव्हाच जन्मला का? पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच यमांत अपरिग्रह आहे. जैनांच्या पाच व्रतांत अपरिग्रह आहे. गांधीजींनी १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. त्यांतल्या अपरिग्रहाच्या विवेचनात त्यांनी गरज नसताना बाळगलेली वस्तू, ती चोरलेली नसली तरी, चोरीच्या मालातच धरली. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला गेले. तिथली बापू कुटी आजही उभी आहे. माणसाला जगायला आणि देश हलवायला किती थोड्या वस्तू लागतात, हे ज्याला पाहायचं असेल त्याने ती जाऊन पाहावी.

महाराष्ट्राला तर याहून जवळचं उदाहरण आहे. गाडगेबाबा १८७६ साली आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. खराटा, एक गाडगं आणि अंगावरच्या चिंध्या, एवढाच त्यांचा ऐवज. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. ज्या समाजाने या माणसाला संत मानलं, त्याच्या नावाने स्वच्छता अभियान चालवलं, त्या समाजाने ‘घर मोकळं ठेवणं आमच्या संस्कृतीत नाही’ असं म्हणावं? आणि वस्तू टाकण्याने लक्ष्मीचा अपमान होतो म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवावी. त्या दिवशी नवी केरसुणी आणून, तिला हळद-कुंकू वाहून, लक्ष्मी म्हणून तिची पूजा होते. पूजेचा मान झाडून काढणाऱ्या वस्तूला दिला आहे, साठवून ठेवणाऱ्या पेटाऱ्याला दिलेला नाही.

आता काटकसरीचा मुद्दा. हा सगळ्यांत लाडका मुद्दा आहे आणि सगळ्यांत खोटाही. आज्या-पणज्यांच्या काटकसरीची साक्ष काढायची असेल, तर ती काटकसर प्रत्यक्षात कशी चालायची तेही सांगायला हवं. नऊवारी लुगडं विटलं की त्यातून बाळाची दुपटी निघायची. दोन-चार जुनी लुगडी एकत्र आली की गोधडी शिवली जायची. गोधडीही विरली की फडकी आणि पायपुसणी. त्यातल्या त्यात बरे कपडे बोहारणीला जायचे आणि घासाघीस होऊन बदल्यात एखादं पातेलं घरात यायचं. पितळेच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई व्हायची. भांडं कामातून गेलं की पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी मोडीत घालून नवं घेतलं जायचं. वर्तमानपत्रं रद्दीत जायची, बाटल्या बाटलीवाल्याकडे, पाठ्यपुस्तकं धाकट्या भावंडाकडे आणि तिथून शेजारच्या मुलाकडे. या सगळ्या व्यवहारात वस्तू वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहणं कुठे बसतं? त्या पिढीने वस्तूचा शेवटचा धागा वापरला आणि वस्तू फिरती ठेवली. तिला अडगळ परवडतच नव्हती, कारण पडून राहिलेली वस्तू म्हणजे अडकून पडलेला पैसा, हे तिला नीट कळत होतं.

वर्षाच्या धान्याचा दाखला देणारेही पुष्कळ भेटतात. ‘आमच्या घरी वर्षभराचा गहू-तांदूळ भरलेला असायचा, तो साठाच होता ना?’ होता, पण तो कसा होता? रब्बीचं पीक बाजारात आलेलं असायचं, भाव उतरलेला असायचा, ऊन कडक असायचं आणि पुढे चार महिन्यांचा पावसाळा दिसत असायचा. म्हणून उन्हाळ्यात धान्य घेतलं जायचं, त्याला ऊन दाखवलं जायचं, एरंडेल चोळलं जायचं, कडुनिंबाचा पाला घातला जायचा. घरात खाणारी तोंडं किती, सणवार किती, पाहुणा किती, याचा हिशेब आधी व्हायचा. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती कणगी रिकामी व्हायची. त्या बेगमीला कारण होतं, माप होतं आणि शेवट होता. आजच्या घरातल्या साठ्याचं कारण काय, माप किती आणि शेवट कधी, हे त्या घरातलं कुणी सांगू शकेल का?

कारण आज माळ्यावर काय आहे ते पाहा. टीव्हीचं, मिक्सरचं आणि कुकरचं रिकामं खोकं, वॉरंटी संपून कित्येक वर्षं झालेलं. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे धुऊन ठेवलेले प्लॅस्टिकचे डबे, त्यांतल्या निम्म्यांना झाकणं नाहीत. पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या. लग्नात आलेली, ‘सप्रेम भेट’ आणि तारीख कोरलेली स्टीलची भांडी, ज्यांत एकदाही पाणी भरलेलं नाही. ओटीत आलेले ब्लाउजपीस, जे एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत राहतात आणि कुणीच शिवत नाही. सत्कारात मिळालेल्या शाली आणि स्मृतिचिन्हं. व्हीसीआरच्या कॅसेट, पण व्हीसीआर नाही. जुन्या फोनचे चार्जर, पण ते फोन नाहीत. यातलं काय काटकसरीतून आलं? बहुतेक सगळं आलं ते सेलमधून, एकावर एक फुकटमधून आणि परस्परांना नको असलेल्या भेटी देण्याच्या रिवाजातून. ते ठेवून घेणाऱ्याने आज्जीचं नाव पुढे करू नये.

‘लागेल कधीतरी’ या आशेचं काय होतं, तेही जरा तपासू. वस्तू नुसती ठेवली म्हणून जशीच्या तशी राहत नाही. रबर कडक होतं, इलॅस्टिक सुटतं, सेल फुटून त्याचं रसायन खेळण्याच्या यंत्रात उतरतं, औषधाची मुदत संपते, डिंक वाळतो, कपड्याला घडीवर चीर पडते. आणि ज्या दिवशी खरोखर गरज पडते, त्या दिवशी वस्तू सापडते का? घरात तीन स्क्रू-ड्रायव्हर असताना चौथा विकत आणला जातो, कारण पहिले तीन कुठल्या खोक्यात आहेत हे कुणालाच माहीत नसतं. ज्या वस्तूपर्यंत हात पोहोचत नाही ती वस्तू घरात असून नसल्यासारखीच. वाईट म्हणजे ती नसल्यावर जो खर्च झाला असता तो टळतही नाही. साठा करणारी घरं कमी खरेदी करतात हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ती पुष्कळदा एकच वस्तू दोनदा विकत घेतात.

मग तरीही सोडवत का नाही? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं. उरलेल्या निम्म्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत, घेणारे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट निघाली. मग तोच होता. काही मिनिटांची मालकी तेवढी आडवी आली. वस्तू आपली झाली की तिचं मोल मनात फुगतं, एवढाच याचा अर्थ. माळ्यावरचा फूड प्रोसेसर ‘चांगल्यातला’ वाटतो, कारण तो आपला आहे. दुकानात तोच, तसाच, तेवढ्याच जुन्या अवस्थेत दिसला असता तर कुणी शंभर रुपयेही दिले नसते. आणि ‘केवढ्याला घेतला होता!’ या वाक्याला तर काहीच अर्थ नाही. ते पैसे घेतले त्या दिवशीच गेले. वस्तू आणखी दहा वर्षं ठेवल्याने त्यातला एकही रुपया परत येत नाही.

‘जागा आहे, वस्तू काही खायला मागत नाही’ हा पुढचा युक्तिवाद. जागा फुकट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी साधा गुणाकार करावा. शहरातल्या एखाद्या भागात घराचा भाव चौरस फुटाला १५ हजार रुपये धरा. बंद केलेली अर्धी बाल्कनी आणि लहान खोलीचा एक कोपरा मिळून ४० चौरस फूट अडगळीने व्यापले असतील, तर ती ६ लाखांची जागा झाली. कर्ज काढून घेतलेल्या ६ लाखांच्या जागेत दोन-चार हजारांचं भंगार ठेवायचं आणि त्याला काटकसर म्हणायचं? मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कामगारांच्या पिढ्या वाढल्या, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, मुलं शिकली. तिथे प्रत्येक वस्तूला तिथे असण्याचं कारण द्यावं लागत होतं. त्याच चाळींतल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. ती वाढलेली जागा माणसांच्या वाट्याला येणार की खोक्यांच्या, हा प्रश्न अशा प्रत्येक कुटुंबाने पहिल्याच दिवशी स्वतःला विचारायला हवा.

आणि वस्तू खायला मागते. ती वेळ खाते, आणि तो बहुतेक करून घरातल्या बाईचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. माळ्यावरची पितळेची घंगाळं दिवाळीला खाली काढून चिंचेने कोण घासतं? शोकेसमधल्या स्मृतिचिन्हांवरची धूळ कोण पुसतं? कुठली वस्तू कुठे आहे हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी कुणाची असते? कॅलिफोर्नियातल्या तीस जोडप्यांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचं वर्णन करताना ज्या स्त्रियांनी पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं यांचाच जास्त उल्लेख केला, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. घर जपण्याचं श्रेय सगळ्या घराला मिळतं आणि वस्तूंची चाकरी एकटी बाई करते. ‘असू दे’ म्हणणाऱ्या पुरुषांनी तरी हा हिशेब एकदा मांडावा.

हा त्रास घराच्या दारातही थांबत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. जुने टायर, फुटक्या कुंड्या, गच्चीवर उघडे पडलेले डबे आणि पिंपं ही त्याची आवडती ठिकाणं. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी मिळालं की साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून डास उडतो. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेचे कर्मचारी गच्च्या तपासत फिरतात, ते याच कारणाने. ‘माझ्या गच्चीवर माझं सामान’ म्हणणाऱ्या माणसामुळे खालच्या मजल्यावरचं पोर तापाने फणफणतं. जिन्यात आणि पॅसेजमध्ये ठेवलेली जुनी कपाटं, गाद्या, सायकली यांचंही तसंच. आग लागली की पळायला तोच एक रस्ता असतो. महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, पण सोसायटीच्या सभेत जिना मोकळा करा म्हणणाऱ्यालाच वाईटपणा येतो. शेजाऱ्याच्या जिवापेक्षा मोडकं कपाट महत्त्वाचं कसं ठरतं?

संकटकाळाचा मुद्दा मोठ्या खात्रीने मांडला जातो, म्हणून त्याची उलटतपासणीही तेवढ्याच खात्रीने व्हायला हवी. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर तीन-चार दिवसांतच मिठाचा तुटवडा होणार अशी अफवा उत्तर प्रदेशात आणि दिल्लीत पसरली. लोकांनी किलोला दोनशे रुपये आणि त्याहूनही जास्त मोजून मिठाच्या पिशव्या घरी नेल्या. मिठाचा तुटवडा नव्हताच. जी काही ओढाताण झाली ती साठा करायला धावलेल्यांनी केली. करोनातही वेगळं घडलं नाही. देशव्यापी टाळेबंदी लागण्याच्या आधीच, १३ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारला मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणावे लागले. त्यानंतर आठवडाभरात सॅनिटायझरच्या २०० मिलीलीटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. ज्यांनी कपाटं भरली त्यांच्यामुळे ज्यांना त्या दिवशी गरज होती त्यांचे हात रिकामे राहिले.

आणि त्या काळात लोक तरले ते कशावर? उघडी राहिलेली किराणा दुकानं, माणशी महिन्याला पाच किलो मोफत धान्य देणारी रेशन व्यवस्था, पाच रुपयांत मिळणारी शिवभोजन थाळी, आणि दारात डबा ठेवून जाणारे शेजारी. माळ्यावरचा टेपरेकॉर्डर आणि न वापरलेले डिनर सेट यांतलं काय त्या दिवसांत कामी आलं? महिन्याचा किराणा, चालू औषधांच्या काही जादा गोळ्या, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी एवढी तयारी शहाणपणाची आहे आणि ती एका कप्प्यात मावते. तिचं नाव घेऊन उरलेल्या घराच्या गोदामाचं समर्थन करता येत नाही.

उरला तो आठवणींचा आणि वारशाचा मुद्दा. सगळ्यांत हळवा, म्हणून त्याला उत्तर द्यायला लोक कचरतात. ‘केळकरांनी जुन्या वस्तू जपल्या नसत्या तर?’ असं विचारलं जातं. उदाहरण चांगलं आहे. ते पूर्ण सांगायला हवं. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या दशकापासून पुढे आयुष्यभर दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, वाद्यं गोळा केली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पण या वस्तू केळकरांपर्यंत आल्या कशा? वाड्यावाड्यांतल्या लोकांनी त्या हातातून सोडल्या म्हणून आल्या. त्यांनी त्या निवडल्या, लोकांना पाहता येतील अशा मांडल्या आणि शेवटी स्वतःही सोडल्या. वाड्याच्या कोनाड्यात, बोचक्यात पडून राहिलेला अडकित्ता आज कुणाला दिसतो?

कागदांचं तर याहून कठोर उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं मिळवत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. जी दप्तरं राजवाड्यांच्या आणि मंडळाच्या हाती लागली ती इतिहास झाली. जी दप्तरं ‘आमच्या घराण्याची आहेत, घरातच राहतील’ म्हणून पेटाऱ्यात राहिली, त्यांतली किती वाळवीने आणि ओलीने संपली, याची मोजदादही आता शक्य नाही. वारसा राखण्याचा खरा कळवळा असेल, तर आजोबांची रोजनिशी आणि जुनी पत्रं योग्य संस्थेकडे द्या, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती मुलांना द्या. आईची एक पैठणी नेसा, आजीचं एक फुलपात्र रोज वापरात ठेवा. आईच्या ऐंशी साड्या बोचक्यात बांधून ठेवल्याने आईची आठवण ऐंशीपट होत नाही. न वाचलेल्या दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या थप्प्यांनाही हेच लागू आहे. वाचनालयाला, शाळेला, वाचणाऱ्या भाच्याला दिलेलं पुस्तक वाचलं जातं; पलंगाच्या पेटीतल्या पुस्तकाला कसर लागते.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. घर रिकामं करायचं आणि पुढच्या सेलला पुन्हा भरायचं, हा प्रकार साठवण्याइतकाच वाईट आहे. टाकलेलं सगळं कचराडेपोत गेलं तर घर स्वच्छ झालं आणि गाव घाण झालं, एवढाच हिशेब उरतो. पण या आक्षेपाचा निष्कर्ष ‘म्हणून साठवून ठेवा’ असा निघत नाही. तो ‘म्हणून आणू नका, आणि आणलेलं योग्य हातांत द्या’ असा निघतो. वस्तू आवरण्याचं काम दुकानात सुरू होतं. ‘स्वस्तात मिळतंय’ हे विकत घेण्याचं कारण असू शकत नाही. सोयऱ्याधायऱ्यांना भेटी देताना त्यांच्या माळ्यावर आणखी एक खोकं पाठवत आहोत का, याचाही विचार व्हायला हवा. लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापणारी माणसं शिष्टपणा करत नाहीत. ती दोन्ही घरांवर उपकार करतात.

योग्य हात शोधणंही अवघड राहिलेलं नाही. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकारातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. रद्दी-भंगारातून या शहरात हजारो घरांच्या चुली पेटतात. अंशू गुप्ता यांची १९९९ मध्ये सुरू झालेली ‘गूंज’ शहरातले वापरण्याजोगे कपडे गावांकडे नेते. त्या कामासाठी गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र देताना लाज राखावी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेले निरुपयोगी कपडे रस्त्याकडेला ढिगांनी पडले होते. फाटकं, मळकं, बटणं तुटलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारणं याला दान म्हणत नाहीत. जे स्वतः घालणार नाही त्याची फडकी करावी.

आणि ड्रॉवरमधले बंद मोबाइल? टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं जपानने जुन्या उपकरणांतल्या धातूंतून घडवली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांनी सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणं दिली. त्यांत ६२ लाखांच्या आसपास मोबाइल होते आणि या सगळ्यातून ३२ किलो सोनं निघालं. उलट जगभरात २०२२ मध्ये जो सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा तयार झाला, त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या पुनर्वापराची रीतसर नोंद आहे. तांबं, सोनं, पॅलेडियम खाणीतून नव्याने उकरायचं आणि तेच धातू घरोघरी जुन्या चार्जरच्या गुंत्यात निजवून ठेवायचे, याला पर्यावरणाची काळजी कसं म्हणायचं?

हा लेख कुणाविरुद्ध नाही, तेही स्पष्ट असावं. ज्या घरात दोनच पातेली आहेत आणि तिसरं घ्यायला महिना थांबावं लागतं, त्या घराने जे जपून ठेवलं आहे ते गरजेपोटी. त्यांना आवराआवरीचे धडे देण्याचा अधिकार कुणालाही नाही. काही माणसांना वस्तू सोडताना खरोखर असह्य यातना होतात. साठवण्याच्या या विकाराला २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान मिळालं. अशा माणसाला उपदेशाची नव्हे, उपचाराची आणि मायेची गरज असते. इथे प्रश्न आहे तो धडधाकट, खात्यापित्या, तीन खोल्यांच्या आणि पाच माळ्यांच्या संसाराचा, ज्याने आळसाला काटकसरीचं, हव्यासाला संस्काराचं आणि निर्णय टाळण्याला आठवणींचं नाव दिलं आहे.

जी वस्तू वापरली जात नाही, दुरुस्त होत नाही, कुणाला दिली जात नाही आणि सापडतही नाही, ती वाया गेलेली आहे. ती कचऱ्याच्या गाडीत गेली नाही एवढ्याने ती वाचली असं होत नाही. ती घरातच वाया जाते आहे, रोज, आणि सोबत जागा, पैसा, बाईचा वेळ आणि दुसऱ्या कुणाची गरजही वाया घालवते आहे. उधळपट्टी यालाच म्हणतात.

तेव्हा येत्या दिवाळीला माळ्यावरचं सगळं एकदा खाली काढा, आणि या वेळी निर्णय घेऊनच खोकी रिकामी करा. वापरण्याजोगं वापरात आणा, दुरुस्तीचं त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका, चांगलं ते नाव-पत्ता ठरवून द्या, भंगार भंगारवाल्याला आणि बंद फोन ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. हे काम एकट्या बाईवर टाकू नका, घरातल्या प्रत्येकाने आपापलं खोकं आपण उघडावं. आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढची दिवाळी येईपर्यंत काहीही आणून ठेवू नका.